फुल-साइज पिस्तूल: तुलनात्मक तक्ता, व्हर्जन सात

२४ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी सव्वासात. गॅरेजमध्ये धाडकन आवाज. चोर आहे हे मी ताबडतोब ओळखलं आणि वरचा मजला ताब्यात घेतला. म्हणजे बाथरूममध्ये गेलो आणि आतून लॉक केलं. ९११ ला फोन करायचा तर शांतता हवी. फोन खाली किचनमध्ये राहिला होता, हा भाग वेगळा.

शुभा मॉप घेऊन गॅरेजमध्ये गेली. रकून निघाला, इथला मांजराएवढा, कचरा उपसणारा प्राणी. बासमतीची वीस पौंडांची पिशवी फाडून बसला होता. तिने त्याला हाकललं, तांदूळ झाडले, मग वर येऊन बाथरूमचं दार वाजवलं आणि सांगितलं की आता बाहेर यायला हरकत नाही.

केया जिन्यात उभी होती. नऊ वर्षांच्या मुलीने बापाकडे असं बघू नये.

निर्णय: पिस्तूल घ्यायचं.

२५ ऑगस्ट, सोमवार

स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून तक्ता सुरू केला. रिक्वायरमेंट फायनल: फुल-साइज, सेमी-ऑटोमॅटिक, बजेट पाचशे डॉलर, टॅक्ससकट. छोटी पिस्तुलं खिशात मावतात पण हातात उसळतात, असं सगळे रिव्ह्यू म्हणतात. मला खिशात घालून कुठे जायचंय? घरात ठेवायची वस्तू मोठीच घ्यावी. कुकर घेताना आपण हेच करतो.

कॉलम: किंमत, वजन, ग्रिप, चाप किती जड, सोबत गोळ्यांची मॅगझिनं किती, वॉरंटी, रीसेल. 'इंडियाला परत गेलो तर चालेल का' हाही कॉलम सवयीने टाकला. नंतर काढला. व्होल्टेजचा प्रश्न नाही, हा मात्र प्लस पॉइंट.

शुभाला सांगितलं. तिने विचारलं की आधी गॅरेजचं दार नीट लागेल असं बघशील का. बायकांना मूळ प्रश्न दिसत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

देवांगकडे गणपतीची आरती. देवांग माझा जुना कलीग, आता सिटिझन, शिवाय स्वतःकडे पिस्तूल. प्रसाद चालू असताना केयाने पाच मुलींना आणि त्यांच्या आयांना रकूनची गोष्ट सांगितली. शेवटचं वाक्य: अँड बाबा वॉज इन द बाथरूम द होल टाइम. सगळे हसले. केयाच्या मैत्रिणीची, आन्याची आई प्रीता तर मोदक खाली ठेवून हसली.

देवांगला बाजूला घेऊन तक्त्याची माहिती दिली. तो म्हणाला, यार, दुकानात जा, हातात धरून बघ, जे बसेल ते घे, अर्ध्या तासाचं काम आहे. आधी डेटा, मग हात, असं मी त्याला शांतपणे समजावलं. तो खिरापत घ्यायला निघून गेला.

३ सप्टेंबर, बुधवार

वजनाची प्रॅक्टिकल टेस्ट. भरलेलं फुल-साइज पिस्तूल साधारण एक किलो. किचनच्या काट्यावर तूरडाळ तेवढी मोजली, झिपलॉकमध्ये भरली आणि हात सरळ पुढे करून उभा राहिलो. बावीस सेकंद. खांदा धरला. ऑस्ट्रियन आणि झेक यांतल्या पन्नास-साठ ग्रॅमच्या फरकाचं महत्त्व आज कळलं.

शुभाने विचारलं डाळ कुठे आहे. सांगितलं, वापरात आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

तक्ता व्हर्जन चार. अकरा मॉडेलं, सव्वीस कॉलम. तुर्की बनावटीचं एक पुढे आलं आहे: दोन मॅगझिनं, साफ करायचा ब्रश, होल्स्टर, सगळं डब्यात, तरी बजेटच्या आत. ऑस्ट्रियन महाग, पण रीसेल उत्तम. टोयोटा घ्यावी तसं. लेबर डेचा सेल हुकला कारण 'ग्रिप' कॉलम रिकामा होता. घाईने निर्णय घेणाऱ्यांतला मी नाही.

आजवर एकही पिस्तूल प्रत्यक्ष हातात धरलेलं नाही. त्यामुळे मत निःपक्षपाती राहतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुकानात गेलो. काउंटरवर शुभाच्या आईच्या वयाची गोरी बाई, चष्मा साखळीला. तक्त्याचं प्रिंटआउट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते वाचलं, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणाली, हनी, यू डिड युअर होमवर्क. तेरा वर्षांत या देशात माझ्या कामाचं इतकं कौतुक मॅनेजरनेही केलं नाही.

मग म्हणाली, फॉइड कार्ड दाखव. इलिनॉयमध्ये पिस्तूल बाळगायला स्टेटचं ते कार्ड लागतं. त्याशिवाय ती काचेच्या बाहेरही काढणार नाही. मी ड्रायव्हर्स लायसन्स दाखवलं. घाईत त्याच्यामागून घाऊक दुकानाचं मेंबरशिप कार्डही पुढे केलं. ती हसली, पण काच उघडली नाही.

रिटर्न पॉलिसी विचारली. नाही म्हणाली. या देशात लावलेलं झाड वाळलं तरी परत घेतात.

१४ सप्टेंबर, रविवार

फॉर्म ऑनलाइन भरायला घेतला. नाव, पत्ता, उंची, सगळं सुरळीत. मग प्रश्न: तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात का?

आहे. एच-वन-बी. तेरा वर्षं. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल हे वकीलसुद्धा हल्ली हसून टाळतो. व्हिसावाल्यांना पिस्तूल बाळगता येत नाही. केंद्र सरकारचाच नियम.

व्हर्जन सात. सव्वीस कॉलम. एकात तरी हे असायला हवं होतं.

वाईट वाटलं, लिहून ठेवतो. नेपरव्हिलमध्ये घर घेतलं, दर शनिवारी लॉन कापतो, समोरच्या म्हाताऱ्याचा बर्फ उपसतो, मुलगी इथे जन्मली. आणि कागदावर मी अजून पाहुणा. फॉर्म सबमिट केला नाही. सेव्ह केला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नियम नीट वाचला. अपवाद आहे! शिकारीचं लायसन्स असेल तर व्हिसावाल्यांनाही चालतं. फक्त एक कोर्स करायचा. म्हणजे शिकारी व्हायचं, मग पिस्तूल. प्रोसेस आहे, बाकी काही नाही.

सगळ्यात सोपी शिकार खार, असं दिसतं. खार सोलण्याचा व्हिडिओ लावला. चौथ्या मिनिटाला बंद केला. रात्री जेवलो नाही. शुभाने आठवण करून दिली की मी घरातला कोळीसुद्धा कागदावर घेऊन अंगणात सोडतो. कोर्स पुढच्या महिन्यात.

२० सप्टेंबर, शनिवार

मराठी मंडळाचा पॉटलक. देवांगने सगळ्यांच्या देखत विचारलं, काय रे प्रल्हाद, घेतलंस का शेवटी?

प्लेट हातात, केया शेजारी, प्रीता समोर. आता व्हिसाचं रडगाणं कुठे गाणार? मी म्हणालो, घराची सोय झाली आहे. यात खोटं काही नाही. कालच गॅरेजला नवं लॉक लावलं.

सगळे गप्प झाले. माझ्या बोलण्यावर हे मंडळ पहिल्यांदाच गप्प झालं. केयाने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. पूर्वीची ती नजर नाही. आदर. प्रीता आपली प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली. बहुधा भारावली असावी.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दरवर्षी शस्त्रं म्हणून दोन लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि किचनमधल्या सुऱ्या पुजतो. यंदा मधोमध ड्रिल मशीनचा काळा डबा ठेवला. बंद. कडक प्लास्टिक, दोन क्लिप, हँडल. दिसायला अगदी तसा. त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

केयाने विचारलं आत काय आहे. मुलांनी हात लावायचा नाही, एवढंच म्हणालो. खोटं नाही. ड्रिल धोकादायक असतं.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'यंदाची शस्त्रपूजा', आणि एक डोळा मिचकावणारा चेहरा. देवांगचा अंगठा. बाकी कोणाचं काही नाही. लोकांना काय लिहावं सुचलं नसेल.

५ ऑक्टोबर, रविवार

केयाचा दहावा वाढदिवस येत्या शनिवारी. पाच मुली रात्री राहायला येणार आहेत. तिची पहिली स्लीपओव्हर, जूनपासून तयारी. पाच कापडी पिशव्यांवर ग्लिटरने पाच नावं लिहिली आहेत.

आज प्रीताचा मेसेज: आन्याला जमणार नाही. दुसरीची सॉकर मॅच. तिसरीचे आजी-आजोबा अचानक. माझं निदान: फ्लूचा सीझन, शिवाय या देशात कमिटमेंट ही गोष्ट राहिलेली नाही.

आणखी एक निरीक्षण. केया हल्ली आमच्या खोलीत येत नाही. मुलगी मोठी होते आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी शुभाला एका अमेरिकन मुलीच्या आईचा फोन. तिने सरळच विचारलं: घरात गन आहे का, आणि आहे तर कुलपात आहे का? इथल्या आया शेंगदाण्याची ॲलर्जी विचारावी तितक्या सहज हे विचारतात. शुभा म्हणाली, छे, आमच्याकडे कुठली. ती म्हणाली, पण केयानेच शाळेत सांगितलं. काळा डबा. बाबा त्याला फुलं वाहतो.

शुभा वर आली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

केयासमोर डबा उघडला. ड्रिल. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, इज देअर अनदर बॉक्स? नाही म्हणालो. विश्वास बसला नाही. माझ्या कपाटात मोज्यांच्या खाली स्वतः हात घालून बघितलं. मग बेडवर बसून सांगू लागली. शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं याची ड्रिल असते, दिवे बंद करून सगळ्यांनी कोपऱ्यात बसायचं, आवाज करायचा नाही. तर आपल्या घरात असं काही झालं तर कुठे बसायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं. वरच्या बाथरूममध्ये. बिकॉज इट लॉक्स.

मी तिथेच खाली कार्पेटवर बसलो. त्या नजरेला मी आदर समजत होतो. पोर मला घाबरली होती.

८ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्या आयांना ईमेल ड्राफ्ट केला. सब्जेक्ट: क्लॅरिफिकेशन. बॅकग्राउंड, टाइमलाइन, करेक्टिव्ह ॲक्शन. शुभाने वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, तोंडाने केलंस, तोंडानेच निस्तर.

पहिला फोन प्रीताला. सांगितलं, पिस्तूल नाही, कधी नव्हतं. व्हिडिओ कॉल करून डबा दाखवला. तिने विचारलं, डब्यातल्या त्या छोट्या पिशवीत काय? ड्रिलची बिट्स, एकेक काढून दाखवली. मग सांगावंच लागलं की एच-वनवर घेताही येत नाही.

प्रीता म्हणाली, प्रल्हाद, ते आम्हाला माहीत आहे. आम्हीही एच-वनवरच आहोत ना. म्हणून तर आम्हाला वाटलं तू कुठून तरी चोरटं आणलंस. माझा नवरा म्हणत होता मंडळाला कळवू या, तुझं डिपोर्टेशन व्हायच्या आत.

म्हणजे ही गोष्ट गावाला ठाऊक होती. फक्त तक्त्याला नव्हती.

बाकीचे चार फोन केले. प्रत्येकीला रकूनपासून सांगावं लागलं, नाहीतर संगती लागत नव्हती. दोघींनी नवऱ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर घेतलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तक्ता डिलीट केला. सातही व्हर्जनं. सेव्ह केलेला फॉर्मही. खांदा अजून दुखतो. शनिवारसाठी दोन पर्याय तयार: कोणी आलं तर माझं चार वाक्यांचं निवेदन, कोणी नाही आलं तर केयाला घेऊन सिनेमा.

११ ऑक्टोबर, शनिवार

पाचांपैकी चौघी आल्या. सॉकरवाली नाही आली; तिची मॅच खरोखरच होती.

शेवटची ती अमेरिकन आई. लेकीची स्लीपिंग बॅग हातात घेऊन दारातच थांबली. आत यायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. माझ्याकडे बघत होती. मी घसा साफ केला. निवेदन पाठ होतं: कायदा, व्हिसा, ड्रिल, खेद.

तेवढ्यात केया माझ्या पुढे आली. तिने माझा हात धरला, बऱ्याच दिवसांनी, आणि म्हणाली, इट्स ओके, ही डझन्ट हॅव वन. यू डोन्ट हॅव टू वरी अबाउट माय डॅड. ही इज स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग.

बाईचा चेहरा एकदम सैल झाला. बॅग तिने आत ठेवली, सकाळी दहाला येते म्हणाली आणि गेली. चार वाक्यांतलं एकही लागलं नाही.

मुली वर पळाल्या. मी दारातले त्यांचे बूट जोडीने लावले आणि पिझ्झा सांगायला गेलो.