दातवाल्या बाई आणि जुनी मृत्युपत्रं

४ मार्च

आजही उशीर. आणि आजही तेच. "दातवाल्या बाई म्हणाल्या." "दातवाल्या बाईंनी तो शब्द लावला." ताट उचलेपर्यंत दातवाल्या बाई!

हौस मलाच होती. निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर घरात पायात पायात यायचे. पेपरात आलं — दफ्तरखान्यात जुन्या काळची हाताने लिहिलेली मृत्युपत्रं पडून आहेत, ती वाचून संगणकावर उतरवायला माणसं हवीत, बिनपगारी. मीच म्हटलं, जा. जन्मभर नकाशे काढलेत, बारीक अक्षराची सवय आहे तुम्हाला. गेले. आणि तिथे भेटल्या ह्या, दवाखाना बंद करून मोकळ्या झालेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई.

५ मार्च

ह्यांनी चहा कपात ओतायचा तो टेबलावर ओतला. लक्ष कुठे असतं, मला ठाऊक आहे.

९ मार्च

बँकेतून परतत होते. समोरून हे आले, सोबत त्या. त्यांचा हात ह्यांच्या कोपराला. मी थांबले, हसलेसुद्धा. हे माझ्याकडे बघत बघत सरळ पुढे निघून गेले. जशी काही मी विजेचा खांब.

घरी आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाटेत कोणी भेटलं का?"

"नाही गं. कोण भेटणार?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोलले असते तर रडले असते.

१० मार्च

सांगून टाकलं — उद्यापासून मीही येणार. हे म्हणाले, "तुला कंटाळा येईल." येऊ दे की.

११ मार्च

गेले. लांब टेबलं, त्यांवर संगणक, पडद्यावर पिवळ्या कागदांचे फोटो. तिथल्या प्रमुख मुलीने मला एका मेणबत्त्या करणाऱ्याचं मृत्युपत्र दिलं. अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. सकाळभर झटून एवढं लागलं: साचे भावाला, पलंग बायकोला — पण ती दुसरं लग्न करत नाही तोवरच. मेला तरी पहारा उठवला नाही ह्या माणसाने. आवडला नाही मला तो. पण कळला.

समोरच्या टेबलावर ह्यांचं डोकं आणि त्यांचं डोकं एकाच पडद्यापुढे. त्या ह्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटतात, हे टाइप करतात. मध्येच हसतात. माझ्याशी असं शेवटचं कधी हसले होते ते आठवत बसले. मेणबत्तीवाला तसाच राहिला.

१३ मार्च

ठेवणीतले कपडे घालून गेले. ह्यांनी एका शब्दाने काही म्हटलं नाही. दातवाल्या बाई म्हणाल्या, "हा रंग किती छान दिसतो तुम्हाला."

मेणबत्तीवाला तांब्याची कढई 'वहिणीला', म्हणजे वहिनीला देतोय, असं मी लिहून ठेवलं होतं. मलाही नवलच वाटलं होतं. त्या वाकून बघत म्हणाल्या, "तो ब असेल हो. पोटातली रेघ पुसली गेलीय. बहिणीला दिलीय कढई." बरोबर होतं. शिकवल्याचा तोरा नाही, आवाजही मऊ. वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं!

१६ मार्च

शेवटी विचारलंच. "कानात काय सांगतात त्या?"

"मजकूर."

"बाकीचे आपापला मजकूर आपण वाचतात."

हे उठून खिडकीपाशी गेले. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तू नको येऊस तिथे."

म्हणजे झालंच. भांडी घासताना कप फोडला. मुद्दाम नाही. अगदीच मुद्दाम नाही असंही नाही.

१८ मार्च

गेले नाही. दिवसभर मनात त्यांच्याशी भांडत होते. त्यांची बाजूही मीच मांडत होते, तरी हरले.

१९ मार्च

गेले. दातवाल्या बाई लेकीकडे गावाला गेलेल्या. हे एकटेच, हात मांडीवर. करमत नाही वाटतं, म्हणून टोमणा मारायला जवळ गेले. पडद्यावर एकच अक्षर, ताटाएवढं मोठं केलेलं.

"मधलं दिसत नाही मला," हे म्हणाले. "कडा दिसतात. बघतो तिथेच नेमकं काही नसतं. गेलं ते परत येणार नाही म्हणतात डॉक्टर."

"कधीपासून?"

"थंडीपासून. तुला कळलं असतं तर घरी बसवलं असतंस."

"आणि त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं."

मी खुर्ची ओढली, अक्षर लहान केलं, पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

"जरा हळू," हे म्हणाले. "त्या हळू वाचतात."