रंगवलेलं कपाट

शुक्रवार, ५ सप्टेंबर

दुपारी पोचले. प्रवास छान झाला. थिएटर मनात धरलं होतं त्यापेक्षा लहान निघालं, पण खुर्च्या पुसलेल्या, जिन्यात दिवा, आणि मालकांनी माझी बॅग स्वतः वर आणून दिली. खोली तिकीटखिडकीच्या वरच आहे. शेजारी बेकरी आहे, त्यामुळे घड्याळाचा गजर लावायची गरज नाही, पावाच्या वासानेच जाग येईल, असं ते म्हणाले. इतकी वर्षं कचेरीत आवक-जावकचे शिक्के मारल्यावर तिकिटं फाडणं म्हणजे मला सुट्टीच वाटते.

मालकांनी मला तिकिटांच्या कामाला बोलावलं ते छोटूची बहीण म्हणून. इथे दर रविवारी दुपारी एकच सिनेमा लागतो, 'भुताची बदली', आणि त्यातलं भूत म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो जाऊन आता वर्ष होईल. तो असताना मी हा सिनेमा पाहिला नाही. पुढच्या वेळी नक्की येते, म्हणायचे.

लॉबीत सिनेमातलं कपाट भिंतीला टेकवून ठेवलं आहे. नुसता पुठ्ठा. दार, बिजागऱ्या, मूठ, सगळं रंगवलेलं. लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. मूठ छोटूनेच रंगवली, हे ऑपरेटरकाकांनी सांगितलं. जरा वाकडी झाली आहे. सरळ रेघ त्याला शाळेतही जमली नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

पाहिला. हॉल भरला होता. कॉलेजची मुलं, एक दातांचे डॉक्टर सहकुटुंब, आणि अंगावर चादर पांघरून आलेल्या दोन म्हाताऱ्या. त्या एकही रविवार चुकवत नाहीत म्हणे.

गोष्ट एवढीच की एका भुताची बदली अशा घरी होते जिथे त्याला कुणी घाबरतच नाही. घरातली आई त्याला भांडी घासायला लावते, आजोबा पाय चेपून घेतात. रक्त म्हणजे टोमॅटोचा सॉस. एका प्रसंगात तर बाटलीही दिसते. वटवाघळाची दोरी दिसते. लोक प्रत्येक चुकीला टाळ्या वाजवतात. चूक यायच्या आधीच वाजवायला लागतात, घरचं कुणी येणार असल्यासारखे.

शेवटी घरातले भुताला कपाटात कोंडतात आणि जेवायला बसतात. तो आतून ठोठावतो, "उघडा ना" म्हणून गळा काढतो, आणि अख्खा हॉल पाय आपटून ओरडतो, "नाही उघडत!" असं तीनदा. मग भूत कंटाळून पुठ्ठ्याच्या बाजूने सरळ चालत बाहेर येतं, पायात निळ्या रबरी चपला, आणि पंगतीला बसतं. संपलं.

मी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तिसऱ्या वेळी मीही ओरडले. मी कधी बसमध्ये कंडक्टरला मोठ्याने हाक मारलेली नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, शोभतेस हो भुताची ताई.

नंतर मालकांना विचारलं, लोकांना यात एवढं काय आवडतं. ते म्हणाले, चांगल्या सिनेमात माणसाला शिरायला जागाच नसते, गप्प बसून बघावं लागतं. यात फटीच फटी आहेत. कुणीही आत शिरावं.

वर आल्यावर मात्र लाज वाटली. अजून वर्षही झालं नाही आणि मी पाय आपटत होते.

रविवार, १४ सप्टेंबर

आज त्याने चौथ्यांदा ठोठावलं. लोक खूश झाले. मालकांनी कुठून तरी वाढीव प्रत मिळवली असं त्यांना वाटलं. काका म्हणाले, प्रत तीच, मशीन तेच.

आणखी एक. सिनेमात छोटू किंचाळतो. पण खरा घाबरला की तो कधीच ओरडायचा नाही. लहानपणी न्हाणीघराची कडी अडकली होती तेव्हा मी दाराला कान लावला म्हणून कळलं. आत हळू आवाजात नुसतं ताई, ताई चाललं होतं. आज चौथ्या वेळी तो आवाज होता.

माझ्या ते लक्षात आलं तेव्हा मी सगळ्यांबरोबर ओरडत होते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

काकांना शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला. रिकाम्या हॉलमध्ये मी एकटी. तीनदा ठोठावलं, चपला घालून बाहेर आला, जेवला. काका म्हणाले, मन असतं ताई, वेळेवर जेवत जा.

मी वेळेवर जेवते. लोक असले की मगच ते होतं.

रविवार, २१ सप्टेंबर

तो बाहेर आला नाही. ठोठावतच राहिला. पुठ्ठ्याखाली चपला दिसत होत्या, एकाच जागी. बाजूने निघून यायचं त्याला सुचत नव्हतं. किंवा बाजू उरलीच नव्हती. पंगत जेवत होती.

मग म्हणाला, ताई, उघड ना.

सिनेमात हे वाक्य नाही. लोक हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी खास केलंय असं वाटलं त्यांना.

मी हात हलवला. हसून हात हलवला.

सोमवार, २२ सप्टेंबर

मालकांना म्हटलं, बंद करू या का. ते म्हणाले, शेवट दर वेळी वेगळा असतो अशी बातमी पसरली आहे, बाहेरगावाहून लोक येतायत, आता कुठे बंद करता.

मी पुन्हा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. बहिणीचा शब्द त्यांनी मोडला नसता. मी पुन्हा म्हटलं नाही. बंद केला तर तो दिसणार नाही. रविवारी दिसतो तरी. कोंडलेला का होईना —

हे लिहिलं आहे, खोडत नाही. दुपारी बसून पुढच्या रविवारची तिकिटं मीच दिली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

लॉबीत. भर दुपारी. कुणी नव्हतं. कपाटातून ठोठावलं.

मागे हात घालून पाहिला. भिंत आहे. बोटंसुद्धा जात नाहीत.

ताई. हळू, तसंच.

आणि मी — विचार नाही केला, सवयीने, तोंडातून आपोआप तेच — नाही उघ —

अर्ध्यावर थांबले. पण त्याने ऐकलं. नंतर आवाज नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

आत गेले नाही. खेळ सुरू आहे. वही घेऊन लॉबीत कपाटासमोर बसले आहे. आज मी ओरडणार नाही.

आत पाय आपटतायत. म्हणजे शेवट आला.

ठोठावतोय. इथेही, आतही.

मुठीला हात लावला. थंड आहे. रंग इतका थंड कसा — वाकडी आहे, पण हातात बसते. फिरते.

आले रे छोट्या. आलेच —

उघडलं. आत शिरले. तो नाही.

माझ्यामागे दार लागलं. चाचपलं, मूठ नाही. पुढे पुठ्ठा. त्याला एक फट, तेवढ्या उजेडात लिहिते. फटीतून खुर्च्या दिसतात. रांगाच रांगा, सगळे इकडे तोंड करून.

पहिल्या रांगेत निळ्या चपला.

बरा दिसतो. अंग भरलंय. किती दिवसांनी —

ठोठावलं. ओरडायला गेले तर आवाज निघत नाही. छोट्या, असं हळूच —

हसतोय. हसू दे, त्याला कुठे माहीत कोण आहे आत —

म्हातारीने त्याला कोपराने ढोसलं, ओरड म्हणून. त्याने पाय उचलला. त्याचं काही चुकत नाही. मीही तेच केलं, हसत हसत, मीही — आता सगळे एकदम —