दोन घरं उजवीकडं सरकलेलं मूळ

राजश्री गहिनीनाथराव, मुक्काम राजूर, यांस भिंगारहून थोरल्या बहिणीचा, साळूबाईचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही ठणठणीत आहेत, म्हणून तर फजिती झाली. (मी सांगते, नात सुकन्या लिहिते. हसणं तिचं, मजकूर माझा.)

परवा ही मोबाईलवर मैत्रिणीला सांगत होती. मला एवढंच ऐकू आलं, की मूळ दोन घरं उजवीकडं सरकलंय. सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस येतं ते मूळ, दुसरं मला ठाऊक नाही. सहा वर्षांनी भावाला बहीण आठवली आणि गडी घर चुकला, असं धरून मी नवं लुगडं नेसले, पिशवी भरली आणि उजवीकडचं दुसरं घर गाठलं. चांगुणाबाई लसूण सोलत होती.

"माझं मूळ आलंय का गं?"

"न्हाई बाई. पन येनार असंल तर बस की."

तासभर बसले. मग नाक राखायला सांगितलं, भाऊ सोमवारी येणार हाय, तुझा निरोप घ्यायला आले. तिनं वाटेसाठी धपाटी बांधून दिली.

घरी आले तर सुकन्या लोळून हसली. ते म्हणे घनमूळ! चौकटीच्या कागदावर त्याची रेघ काढतात. डावीकडून खालनं लोळत येते, मधेच ताठ उभी राहते, पुन्हा लोळत उजवीकडं जाते (दुपारच्या झोपेत तुला कुणी चहा विचारला, की तू करतोस तसं). मुळाच्या आत क्ष वजा दोन लिहिलं, की अख्खी रेघ दोन घरं उजवीकडं. म्हणलं, "वजा म्हंजी मागं. डावीकडं नको व्हय?" तर म्हणते, "आजी, आत शून्य कधी होईल? क्ष दोन झाला की. म्हणून रेघेचा मध्य दोनवर." अधिक दोन लिहिलं, की डावीकडं. (मास्तरही आधी उलटेच गेले होते म्हणे. मग त्यांना खोकला आला आणि त्यांनी फळा पुसला.) मला मात्र लगेच पटलं. तू फोनवर "आलोच" म्हणालास, की दोन गावं मागं सरकतोस. भावजयीला आशीर्वाद.

ता.क. धपाटी आम्ही दोघींनी खाल्ली. चांगुणाबाई रोज विचारते, सोमवारच ना? तेव्हा सोमवारी ये.

आणखी ता.क. पंचाहत्तरीपुढं एसटी फुकट आहे, एकटीनं येणं मला अवघड नाही. पण तू ये. चांगुणाबाईच्या दारात थांब आणि मोठ्यानं विचार, साळूबाईचं घर कुठलं.