माळवदाखाली मुक्काम

१० मे १९७१, सकाळी
माजघराच्या तुळईला चीर गेली आहे. बन्सी सुताराने शिडीवर चढून, चिरेत बोट घालून खात्री केली. म्हणाला, मालक, माळवदावरची जुनी माती उतरवा, लई वझं झालंय. दर पावसाळ्याआधी मी न चुकता छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर देतो. सबंध नेवाशात एवढे जाड माळवद कोणाचे नाही. ते उतरवायचे? सुतार घाबरट निघाला.
सौ. विजयमाला म्हणते, नगरला माझ्या भावाच्या, सूर्यभानदादाच्या खोल्या रिकाम्या आहेत, स्लॅबच्या आहेत, जाऊ. नाही! इथेच राहून दुरुस्ती. निर्णय पक्का.

११ मे
जेवताना ताटात माती पडली. उंदीर असावेत. विजयमालाने विचारले, उंदीर तुळई वाकवतात का हो? मी खाट दाराच्या चौकटीखाली घेतली. वाऱ्यासाठी.

१४ मे
दुरुस्तीला प्रारंभ. भिंतींना हिरवा ऑइलपेंट. चीर पुट्टीने बुजवली. आता दिसत नाही. मन शांत. मध्येच तीनदा खाली उतरलो, पण शिडीच हलकी आहे.

१७ मे, दुपारी
वरून 'कट्' आवाज. मी अंगणात होतो. म्हणजे, आवाजानंतर होतो. विजयमाला म्हणाली, अहो, पळताना मला हाक तरी मारायची! मारणारच होतो. धावताना दम लागतो.

२० मे
ढग आले. घर गळून चालणार नाही. आणखी एक गाडी माती टाकून घेतली. बन्सी रस्त्यावरून ओरडला, आवो, घर हाय का थडगं? त्याला मजबुती कळत नाही. गडी खाली उतरले आणि चीर पुट्टीसकट उघडली. आता मूठ जाते. बन्सीने टेकू लावला. म्हणाला, ह्यो पावसात टिकायचा न्हाई.

२२ मे
विजयमाला नगरला गेली. म्हणाली, तुम्ही राखा तुमची माती. मी घर सोडलेले नाही. फक्त आत जात नाही. खाट अंगणातल्या लिंबाखाली. चूल आत, म्हणून शेजारच्या खुर्शीदभाभी भाकरी देतात. घरात येऊन बसा म्हणाल्या. आधी त्यांचे आढे नीट पाहून घेतले. मग ओट्यावरच बसलो.

२५ मे, संध्याकाळी
नेमके आजच विजा चमकताहेत. सूर्यभानचा निरोप आला : उद्या सकाळी टेम्पो येतोय. विजयमाला बरोबर येणार, आत जाऊन ट्रंका, भांडी काढणार. मी टेम्पोपाशी उभा राहणार. सामान चढवून घ्यायला बाहेर कोणीतरी लागतेच.