एक काना

बेटेगाव,
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

चि. चारुतास सुलूआजीचे आशीर्वाद, आणि डाव्या गालाला एक चिमटा. चिमटा कशाबद्दल, ते पुढे येईलच.

तुझी बहीण म्हणते, पत्रात आधी 'इकडे सर्व ठीक आहे' असं लिहायचं असतं. म्हटलं, लिही बाई. पुढे खोडावं लागलं तर खोडू.

लिहायला अपेक्षाच बसली आहे. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते, 'नाय' म्हटलं की 'नाही'. कागदावर मी तुमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंसारखी दिसत असेन. दिसू दे. पण अट घालून बसवलंय तिला, की मी बोलेन ते सगळं उतरवायचं, अगदी तिलाच ओरडले तरी. मला वाचता येत नसलं तरी पेन बघता येतं. मी लांबलचक बोलले आणि पेन बोटभरच सरकलं, की समजायचं पोरीने मधलं गिळलं.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. तू पालघरचं नर्सिंग सोडून फुटबॉलसाठी कोल्हापूर गाठलंस तेव्हापासून तुझा बाप तुझ्याशी बोलत नाही, पण तुझा फोन आला की बाजूला बसून कान मात्र लावतो. आणि मला फोनवर हळू बोलता येत नाही. मी इथे हॅलो म्हटलं की बोईसर स्टेशनात माणसं वळून बघतात. मला जे सांगायचंय ते तुझ्या बापाच्या, धीरजच्या, कानावर आधी जायला नको. तुझ्या जायला हवं.

आता चांगली बातमी आधी. तुझ्या संघाची.

तू नऊ नंबरचा सदरा उतरवून गेलीस, रुचिताला वापीत नोकरी लागली, आणि मागे उरल्या त्या सगळ्या राखण करणाऱ्या. गेल्या मोसमात त्यांनी गोल खाल्ले नाहीत फारसे, पण घातलेही नाहीत. आमची कमळी गोलात उभी राहून बोंबलायची, "अगं मी कवर थोपवू? कुनीतरी तिकडं जा ना!" तिकडे जायला कोणी नव्हतं. बहुतेक सामन्यांत शून्याला शून्य. मी म्हटलं, एवढी शून्यं तर माझ्या कपाळावरच्या कुंकवालाही लागली नाहीत.

यंदा भाग्येशसरांनी सगळं नव्याने मांडलंय. तुला माहीतच आहेत, हिंगोलीकडचे, कारखान्यातली पाळी संपवून तसेच मैदानावर येतात. डोळे लाल, पण शिट्टी कडक. म्हणाले, "आज्जी, औंदा राखत बसायचं न्हाई. औंदा चढाई." मी चिकूच्या उपड्या क्रेटवर बसून रोज ही चढाई बघते. उजवीकडून जिवली. पळण्यात ससा मागे पडेल, फक्त कधी कधी चेंडूही मागे पडतो आणि ती एकटीच पुढे पोचते. मधून प्रतीक्षा. ती चेंडू असा अलगद काढून देते, जसे सुनेच्या नकळत लेकीच्या पिशवीत लाडू सरकवावेत. आणि तो लाडू घ्यायला सगळ्यात पुढे, तुझा नऊ नंबर घालून, ही. जी आत्ता लिहितेय आणि लाजतेय ती.

ऑफसाईडही समजलं मला. पंगत उठायच्या आधीच जेवणाऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं, ते ऑफसाईड. आपल्या गावच्या निम्म्या बायका जन्मभर ऑफसाईड आहेत. जिवली तर रोज. परवा सरांनी तिला थांबवलं तर म्हणते, "सर, मी नाय पुढं गेली, त्या मागं राहिल्या!"

गणपती गेले की पालघरला पहिला सामना. सगळा भरवसा अपेक्षावर. सर परवा माझ्या क्रेटपाशी येऊन म्हणाले, "आज्जी, पुढं खेळायला दम लागतो. ह्या पोरीत दम हाय."

हे सांगताना मी अपेक्षाला विचारलं, 'दम' लिहितात तरी कसा? तिने दाखवला. दोनच अक्षरं, चिमणीच्या दोन पायांएवढी. म्हटलं, एवढ्याशा जागेत एवढा मोठा शब्द मावला कसा!

इथवर मजेचं होतं. आता पेन घट्ट धर गं पोरी.

चारू, मला भीती वाटते. रोज वाटते. दुपारचा चहा झाला, ही बूट घेऊन ओट्यावर आली, की मी हातातलं भांडं दोनदा ठेवते, दोनदा उचलते. तुझी आई विचारते, आई, काय शोधताय? काय सांगू तिला?

बुटांपासून सुरू करते. तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधायचे तशा हिच्याही मीच बांधते. म्हशीच्या दाव्याची गाठ. म्हैस गेली, गाठ राहिली. ती गाठ ओढून सुटत नाही, भिजून सुटत नाही, घरी आल्यावर मलाच दाताने सोडवावी लागते. तुला ठाऊक आहे, तूच शिव्या द्यायचीस त्या गाठीला.

आणि ही पोरगी मैदानात नाडी बांधायला वाकते.

आधी मला हसू आलं. वाटलं, दमली, जरा टेकते. आधी मागे खेळायची तेव्हा चेंडू पलीकडे असला की उभं राहून श्वास घ्यायला मिळायचा. आता पुढे खेळते, आता धावणं संपतच नाही. मग बघितलं तर जरा पळाली की वाकते. दोन्ही हात बुटावर, मान खाली, पाठ भात्यासारखी वरखाली. सरांना वाटतं नाडी सुटली. मुलींना वाटतं नाडी सुटली. गाठ कोणी मारली ते मला एकटीला ठाऊक.

गेल्या रविवारी पालघरच्या मुली सरावाला आल्या होत्या. प्रतीक्षाने लाडू सरकवला, आणि हिने असा मारला गं चारू, की जाळं फुगलं ते मला क्रेटवरून दिसलं. मी उभी राहून ओरडले. सगळ्या पोरी धावत येऊन हिच्या अंगावर पडल्या, एकीवर एक, भाताच्या पेंढ्यांसारख्या. हसतायत, किंचाळतायत. आणि त्या ढिगाखालून हिचा एक हात बाहेर आला. तो हात हसत नव्हता. माती ओरबाडत होता.

कोणाला कळायच्या आत कमळी आपला गोल उघडा टाकून अख्खं मैदान धावत आली. एकेकीला दंडाला धरून बाजूला फेकलं. "उठा! उठा तिच्यावरनं! तिला नाय चालत!" मी पोचेपर्यंत ढीग मोकळा झाला होता. पोरगी उठून बसली तेव्हा ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. सर धावले, "काय झालं?" तर ही म्हणते, "काय नाय सर, गुदगुल्या झाल्या." आणि पुन्हा नाडीला वाकली.

'तिला नाय चालत.' म्हणजे कमळीला ठाऊक आहे. मी तिला गाठलं तर म्हणते, "आजी, मला शपथ हाय." एवढीशी पोर, तिच्या गळ्यात ही केवढी शपथ!

त्या संध्याकाळी हिची वेणी घालताना मी मुद्दाम तळहात पाठीवर ठेवला. आत शिट्टी वाजत होती. बारीक, दाराच्या फटीतून वारा येतो तशी. मैदानावर दोन शिट्ट्या वाजतात चारू, एक सरांच्या तोंडात आणि एक हिच्या छातीत, आणि दुसरी कोणालाच ऐकू येत नाही.

मला येते. तुझ्या आजोबांमुळे. तू लहान होतीस, तुला त्यांची बिडी आठवते, माझ्याशी भांडणं आठवतात. ते वाडीत प्रत्येक चिकूखाली थांबायचे. "काय करता?" म्हटलं की "फळ बघतो." झाडावर फळ नसायचं तेव्हाही फळच बघायचे. धर्माजी वाडवाला धाप लागते हे कोणाला दिसता कामा नये, नाहीतर लोक म्हणतील वाडी कसायला द्या दुसऱ्याला. शेवटी एका झाडाखाली फळ बघायला बसले ते उठले नाहीत. त्यांना आत आणताना मी हात पाठीवर ठेवला होता. शिट्टी थांबली होती.

म्हणून कोणी वाकून खोटं बोललं की मला ओळखू येतं. ते फळ बघायचे, ही नाडी बघते.

पेन थांबलंय. चालव. आता जे सांगते ते नीट मोठ्या अक्षरात लिही.

तुझ्या बहिणीला दमा आहे.

थांब जरा, चारू. इथे आमचं भांडण झालं ते सांगते, कारण अट आहे सगळं लिहायची.

मी म्हटलं, वाच पाहू. तिने वाचलं, 'तुझ्या बहिणीला दमा आहे.' बरोबर वाचलं. पण मान वर केली नाही. मी म्हटलं, मघाशी सरांचं बोलणं लिहिलंस, त्यातला दम कुठे आहे, बोट ठेव. ठेवलं. आणि हा आत्ताचा कुठे आहे? ठेवलं. मी दोन्हीकडे बघितलं. चिमणीचे दोन पाय तिथे, चिमणीचे तेच दोन पाय इथे. अक्षर कळत नसलं म्हणून काय झालं, बाजारात दोन सारख्या भेंड्या मला ओळखता येतात.

"दम आणि दमा सारखेच लिहितात का गं?"

तिने कागद स्वतःकडे ओढला.

"सांग की."

"नाय. एक काना असतो."

"म्हणजे काय?"

"एक उभी रेघ."

"मग ती कुठं हाय?"

तिने पेन टाकलं आणि उठून मागच्या पडवीत गेली. मी गेले नाही मागे. रडताना धाप आणखी लागते, आणि माझ्यासमोर ती रडणं दाबून धरील, ते वाईट. मी कागदासमोर बसून राहिले. एवढी माझी अक्षरं समोर, आणि त्यातलं एकही मला ओळखत नाही.

परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. म्हणाली, "आजी, ती रेघ दिली तर बाबा मला खेळू देणार नाय. ताईचं बघितलंस ना?" मी म्हटलं, "बघितलं. ताई जिवंत हाय आणि कोल्हापुरात खेळते हाय. हे पण बघितलं." मग तिने पेन माझ्यापुढे धरलं. "मला नाय जमत. तूच दे."

तर चारू, वर ती रेघ तुला दिसेल. जाड, जरा वाकडी, खालच्या ओळीत घुसलेली. जन्मभर दारात रांगोळीच्या रेघा ओढल्या, कधी एक वाकडी गेली नाही. ही बोटभरसुद्धा नाही, पण ओढायला दोन्ही हात लागले. अपेक्षाने कागद धरून ठेवला होता, ती म्हणाली बरोबर जागी पडली.

आता चिमट्याचं. तूच एकदा सांगितलं होतंस की तिकडे तुमच्यातली एक पोरगी तोंडात पंप मारून खेळते आणि तिला कोणी बाहेर बसवत नाही. हे तू मला सांगितलंस, पण घरात कोणाला सांगितलं नाहीस, बापाशी अबोला आहे म्हणून. तोच चिमटा. गणपतीला ये. बाप बोलला नाही तर नाही बोलला, त्याच्यासमोर बसून तू बोल. पोरीला पालघरला चांगल्या डॉक्टरकडे ने. मला डॉक्टरने काही सांगितलेलं नाही, तुझ्या आजोबांच्या पाठीने सांगितलंय. डॉक्टर वेगळं काही म्हणाला तर मी माझ्या अडाणीपणाचे पेढे वाटेन. आणि मी म्हणते तेच निघालं, तर औषध घेऊन, छाती मोकळी करून ती तुझा नऊ नंबर घालून उतरू दे. पहिला सामना हुकला तर हुकू दे. शून्याला शून्याची आम्हाला सवय आहे.

सरांना मी उद्या सांगणार आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय, लिहिता लिहिता. चिडलीय. चिडू दे. तोवर तिने माझ्याशेजारी क्रेटवर बसायचं. मैदानावर पाऊल टाकलं तर मी दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधीन, त्याच गाठीने.

पण मी तिला किती दिवस धरून ठेवणार? मी म्हातारी, ती नऊ नंबर. म्हणून घाई कर.

आता म्हटलं, अपेक्षा, एक ओळ तुझी तू लिही. मी विचारणार नाही काय लिहिलंस.

ताई, आजी म्हणते ते खरं आहे. मे महिन्यापासून होतंय. त्या दिवशी सगळ्या अंगावर पडल्या तेव्हा मला वाटलं आता श्वास येणारच नाही. मी गोलाचा विचार करत नव्हते, आजीला दिसतंय का एवढंच बघत होते. बाबांना तू सांग. तू येईपर्यंत मी पळणार नाही. नक्की ये.

पेन बराच वेळ चाललं चारू. एका ओळीपेक्षा जास्तच आहे. मी विचारलं नाही. माझा हात तिच्या पाठीवर आहे, लिहिताना वाजत होती ती शिट्टी आता जरा कमी आहे. तू दारात दिसेपर्यंत हा हात इथेच राहील.

तुझी वाट बघणारी,
आजवर अंगठा देणारी आणि आज एक काना शिकलेली,
सुलूआजी