दत्तूनं दाखवलेली बारामती

जळोची, रविवार, २१ फेब्रुवारी १९९३. सांज.

लिही सुमे, तानीची नात ना तू? मी सांगते तसंच लिही.

माझ्या लेकानं, दत्तूनं, अंथुर्ण्यावरनं आणलं. म्हणला, दोन दिवस बारामती दाखवतो. मी आले ती हितल्या, जळोचीच्या तानीसाठी. बहीण माझी, दिवाळीपास्नं अंथरुणात हाय. तिला माडगं करायला हुलग्याचं पीठ बांधून आणलं. पण तानीच्या लेकाशी दत्तूचं बोलणं बंद. म्हणून काल बाग, काल शिणेमा. आज हाटेलात हातभर डोसा पुढ्यात, आन् माझं पीठ टेबलाखाली, त्याच्या चपलांपाशी.

"जळोचीला कधी रं?"

"आई, आदी खा. मग आइस्क्रीम. मग बघू."

"मावशी मेल्यावर?"

तो चटणी मागत ऱ्हायला. माझ्याच पोटचा का हा? पीठ उचललं, बाहीर आले, रिक्षात बसले.

तानी दोन वाट्या माडगं प्याली. वर म्हणती, मीठ कमी हाय.

आत्ता दत्तू आलाय. मावसभावाच्या घरात पाय टाकंना. मी म्हणलं, मला न्यायचं असंल तर आत ये, मावशीच्या पाया पड.

लिही, अजून उंबऱ्याबाहीरच उभा हाय. मला घाई न्हाय.