मी आरशात बघत नव्हतो

तीर्थस्वरूप आत्यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (हात धुऊन, पुसून आणि रिमोट पेटीत कुलूपबंद करून मगच घातला आहे. कामाचा मान आणि वडीलधाऱ्यांचा मान मी एकमेकांत मिसळत नाही.) तुमचा गुडघा आता कसा आहे? काका अजूनही जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून कुणाचा तरी फोन आल्याचं सोंग करतात का? त्यांना म्हणावं, दम लागण्यात लाज कसली, आमच्याकडे भल्याभल्या यंत्रांनाही मध्ये थांबवून गार होऊ देतात. इकडे आई बरी आहे. म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने बरी आहे.

ती का बोलत नाही ते तुमच्या कानावर आलंच असेल. मुलीकडच्यांनी तुम्हाला निरोप पाठवला आहे की, मुलगा गर्विष्ठ आहे, पाहुणे दारात आले तरी वळून बघत नाही, उलट सगळा वेळ आरशापुढे उभा राहून स्वतःचंच तोंड न्याहाळत होता, तेव्हा हे स्थळ नको. स्थळ तुम्ही आणलेलं, शब्द तुम्ही टाकलेला, म्हणून बोलही तुम्हालाच लागला, याचं मला फार वाईट वाटतं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो (ही तक्रार नव्हे, अनुभव आहे), आणि या वेळी सगळं क्रमाने सांगणं आवश्यक आहे. तरी शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा.

आधी यंत्राविषयी लिहितो, कारण त्याच्याशिवाय माझी बाजू उभी राहत नाही. मी मोठ्या काचा बसवणाऱ्यांकडे कामाला आहे. आई सगळ्यांना ‘तो काचा पुसतो’ असं सांगते, ते चूक आहे. दुकानांच्या दर्शनी भागाला भिंतीएवढ्या अखंड काचा असतात ना, त्या पूर्वी सहा माणसं उचलायची आणि दोन माणसं बाजूला उभी राहून शिव्या घालायची. आता ते काम आमचा यंत्रमानव करतो. (माणसासारखा मुळीच दिसत नाही. चार चाकं, त्यांवर एक लांब मान आणि मानेच्या टोकाला रबराच्या मोठ्या वाट्या. चौकटीत काच पक्की करणारे आमचे फिटरदादा आहेत, त्यांनी त्याचं नाव बगळा ठेवलं आहे.) वाट्या काचेला टेकवल्या की पंप मधली हवा ओढून घेतो आणि काच घट्ट चिकटून राहते. मग बगळा ती उचलतो, वळवतो आणि चौकटीत नेऊन बसवतो. मात्र त्याला स्वतःची अक्कल अजिबात नाही. ती माझ्या हातात असते. रेडिओवर चालणारा रिमोट आहे, दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्यांखाली दोन दांड्या आणि मागच्या बाजूला बोटांखाली एक खटका. खटका दाबून धरला असेल तोवरच बगळा हलतो. बोट सुटलं की असेल तिथे थिजतो.

हे चालवण्याचं कार्ड मला मिळालं आहे, आत्या. आपल्या घरात नववीच्या पुढे कोणी गेलं नाही, मी तर नववीही पुरी केली नाही, पण नावापुढे ‘चालक’ असं छापलेलं आणि फोटो चिकटवलेलं कार्ड आपल्यात पहिलं माझंच. (फोटोत मी घाबरलेला दिसतो. होतोच.) शिकवणारे सर म्हणाले की, असा विद्यार्थी आजवर पाहिला नाही. कौतुकाने म्हणाले की कसं, ते मी विचारलं नाही. कारण सुरुवातीलाच असं झालं की बगळ्याचं तोंड माझ्याकडे होतं, मी दांडी डावीकडे ढकलली, तो त्याच्या डावीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे गेला, आणि ज्या खुर्चीवरून सर नुकतेच उठले होते ती त्याने भिंतीला लावून हळूच तिची घडी केली. खुर्ची घडीची नव्हती. तेव्हापासून मी बगळ्याच्या पाठीमागेच उभा राहतो, म्हणजे त्याचं डावं ते माझं डावं. काच लटकलेली असताना रिमोट खाली ठेवत नाही, कुणाच्या हातात देत नाही, काचेवरची नजर काढत नाही, आणि कामाभोवती बांधलेल्या पिवळ्या पट्टीच्या आत कोणीही आलं तर आधी खटका सोडतो आणि मग कोण आलं ते बघतो. कामावर सगळे मला सावकाशराव म्हणतात. म्हणोत बापडे.

आता त्या दिवसाचं. भेट रविवारी आपल्या घरी ठरली होती, हे तुम्हीच कळवलं होतं. त्यासाठी आईने पडदेसुद्धा धुतले होते. पण मुलीच्या मामांनी असं काढलं की, घरी सगळीच मुलं गुणी असतात, मुलगा कामावर बघावा, तोही न सांगता. म्हणून मामा, वडील आणि मुलगी असे तिघे आदल्या गुरुवारीच, आम्ही फर्निचरच्या एका दुकानाला काच लावत होतो तिथे येऊन उभे राहिले. नेमकी कोणती वेळ साधली म्हणाल, तर काच चौकटीत जवळजवळ गेली होती आणि फिटरदादा आतल्या बाजूने उकिडवे बसून तिच्याखाली रबराचे ठोकळे सरकवत होते. म्हणजे त्यांची दहाही बोटं काच आणि चौकट यांच्या मधल्या फटीत होती. त्या काचेचं वजन चार माणसांएवढं. ते ‘वर’ म्हणाले की केसभर वर, ‘बस’ म्हणाले की बस. तिथे ‘काय म्हणालात?’ असं विचारायला सवड नसते.

आरशाचं गूढ असं आहे. दुकानात अजून दिवे लागले नव्हते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि अशा वेळी कुठल्याही मोठ्या काचेचा आरसा होतो. त्यात मी दिसत होतो हे खरं, पण मी दिसत होतो म्हणून मी मला बघत होतो असं होत नाही. मी फटीतल्या बोटांकडे बघत होतो. एवढ्यात माझ्या खांद्यामागे तीन माणसं उगवली, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या, मुलीच्या वडिलांच्या मिशा मी ओळखल्या. वळून नमस्कार करावा तर हात गुंतलेले, नजर बांधलेली. मी काचेतल्या काचेत मान लववली. आता कळतं की मागून ते, स्वतःच्या प्रतिबिंबावर खूश होऊन मान डोलावल्यासारखं दिसलं असणार.

मामांचं सगळं काही दुरुस्त करण्याचं दुकान आहे आणि यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. ते सरळ पट्टी उचलून आत आले, “बघू, आण इकडे जरा,” म्हणाले आणि त्यांनी रिमोटला हात घातला. मी खटका सोडला. बगळा थिजला. मी तसाच काचेकडे तोंड करून ओरडलो, “मागे व्हा!” आवाज मलाच अनोळखी वाटला, एवढा मोठा होता. आतून फिटरदादा म्हणाले, “का थांबलास रे?” मी म्हटलं, “पट्टीच्या आत पाहुणे आलेत.” ते म्हणाले, “कोण पाहुणे?” यावर मी घाईत जे उत्तर दिलं ते सगळ्या रस्त्याने ऐकलं. मी म्हटलं, “सासरे! म्हणजे अजून नाहीत! आणि आत आलेत ते मामा आहेत, सासरे पट्टीच्या बाहेर आहेत!”

मामा मागे झाले. वडिलांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही, तुम्ही त्यांना ओळखता. तेवढ्यात दुकानाचे मालक धावत आले (ते गिऱ्हाइकाला उभं राहू देत नाहीत) आणि त्यांनी विक्रीच्या तीन खुर्च्या बाहेर आणून तिघांना माझ्या पाठीमागे ओळीने बसवलं. मामांनी लगेच खुर्चीची चिठ्ठी उलटून किंमत पाहिली. वडिलांनी माझ्या पाठीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. काम चालू असताना मी फिटरदादांशिवाय कुणाला उत्तर देत नाही, म्हणून मी गप्प. पण मालकांना कुठलाही प्रश्न अनुत्तरित राहिलेला सहन होत नाही. मुलगा कसा आहे, असं विचारल्यावर तेच म्हणाले, “मजबूत आहे हो, निर्धास्त घ्या.” स्वभाव? “अजिबात कुरकुर नाही.” घर केवढं आहे? “लहान खोलीतसुद्धा आरामात मावतो.” आत्या, त्यांनी माझी बाजू घेतली याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, पण शेवटी ते “वर्षभरात काही झालं तर परत घेऊ,” असंही बोलून गेले, आणि मला वाटतं घोळ तिथेच झाला.

वडील उठले. मामा उठले. “ज्याला वळून बघायची फुरसत नाही, त्याच्या घरी आपली पोर देऊन काय करायचं?” असं वडील म्हणाले, मला ऐकू यावं एवढ्या आवाजात. आणि मग ते निघाले. आत्या, हे सगळं मी काचेत बघितलं. माणसं दूर जाताना काचेत जास्तच लहान होतात. ते कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत पोहोचेस्तोवर मला हाक मारता आली असती. नुसतं वळलो असतो, दोन शब्द बोललो असतो, तर कदाचित थांबले असते. पण त्याच वेळी फिटरदादा म्हणाले, “शेवटचा ठोकळा, किंचित वर.” मी किंचित वर घेतलं. “बस.” मी बस केलं. त्यांनी एक एक करून बोटं बाहेर काढली, आणि मी काच ठोकळ्यांवर टेकवली, ती अशी, की झोपलेलं मूल गादीवर ठेवावं. मग वाट्या सोडवल्या, मान खाली आणली, किल्ली काढून खिशात घातली, रिमोट पेटीत ठेवला, आणि दोन्ही हात जोडून वळलो. समोर तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. मालकांनी माझा नमस्कार घेतला आणि विचारलं, “मंडळी खुर्च्यांचं काही म्हणाली का?”

आता तुम्ही म्हणाल, याला पश्चात्ताप झाला असेल. नाही झाला. (वाईट वाटलं, ते वेगळं. रात्री जेवलो नाही. पण पश्चात्ताप नाही.) फिटरदादांना दोन मुली आहेत आणि ते त्यांच्या वेण्या स्वतः घालतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातलं निम्मं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, “तू वळला असतास तरी मी तुला काही बोललो नसतो रे.” मग जरा वेळाने म्हणाले, “बोलायला सुचलंच नसतं.” एवढी मोठी काच, एवढं मोठं यंत्र, आणि त्या दिवशी सगळ्यांत जड काय होतं तर ती मान न वळवणं. ते मी पेललं. शाळेत मी कधी कशात पहिला आलो नाही, आत्या. हे आयुष्यात एकदा जमलं आणि नेमकं ते पाहुण्यांसमोर, फक्त त्यांना दिसलं उलट्या बाजूने.

तेव्हा माझी विनंती इतकीच, की माझ्या वतीने माफी मागू नका. फक्त एवढं सांगा की मुलगा आरशात बघत नव्हता. काकांना सावकाश जिना चढायला सांगा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
सावकाशराव (आता घरीही हेच म्हणतात)

ता. क. : पत्र पुन्हा वाचताना एक वाक्य अपुरं वाटलं. नजर फक्त बोटांकडे होती असं मी लिहिलं आहे. बहुतांशी होती. मधूनमधून, डोकं न हलवता, मी खुर्च्यांच्या ओळीतलं डावीकडचं टोकही पाहिलं. (काचेतलं डावीकडचं.) मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती वाकून फटीतली बोटं बघत होती, आणि मामा काही बोलायला लागले तर त्यांना हाताने गप्प करत होती. निघताना ती वडिलांच्या मागे राहिली आणि बोटं बाहेर येईपर्यंत खांबापाशी थांबली. माझ्या मते हे स्थळ फार उत्तम होतं. हे तुम्ही तिथे सांगितलंत तर माझी हरकत नाही. सांगाच.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. आज आम्ही एका बँकेला काच लावत होतो. काम चालू असताना माझा फोन फिटरदादांच्या खिशात असतो, तो वाजला आणि त्यांनी उचलला. काच टेकवून झाल्यावर म्हणाले, “त्या मुलीचा होता.” मी विचारलं, काय म्हणाली? “काहीतरी बरंच सांगितलं, पंपाच्या आवाजात नीटसं कळलं नाही. शेवटी विचारलं, त्यांना चालेल का? मी म्हटलं, चालेल की, न चालायला काय झालं!” मी लगेच त्या नंबरवर उलट फोन लावला. वडिलांनी उचलला. मी ठेवला.

तरी आत्या, हात जोडून विनंती, की हे पत्र मिळताच त्यांच्याकडे जाऊन यावं आणि मी कशाला हो म्हटलं आहे ते मला ताबडतोब कळवावं. उत्तर बदलायचं नाही. पण आईने पुन्हा पडदे धुवायला काढले आहेत, आणि कोणत्या तारखेला, असं मला विचारते आहे.